भूकंपाचे घर शोधणारे ओल्डहॅमसाहेब

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी पावणेनऊच्या सुमारास मी सुरतेत चहा घेत बसलो होतो. आधी फडताळातील भांडी किणकिणली. पाऊण मिनिटाने सारी इमारतच झोकांड्या खाऊ लागली. शहरात त्या दिवशी इमारती पडल्या, माणसे दगावली. हे झाले कोठे, एवढेच जो तो विचारीत होता. मागाहून कळले, कच्छात भचाऊजवळ.

ते अंतर त्या पाऊण मिनिटातच दडलेले होते, हे मला पुष्कळ उशिरा, रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांच्याविषयी वाचताना उमगले.

ओल्डहॅम १८५८ साली डब्लिन येथे जन्मले. वडील टॉमस हे आपल्याकडील भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे पहिले प्रमुख. चिरंजीवही १८७९ साली त्याच खात्यात लागले. (वडिलांच्या पुण्याईवर नोकरी काढणारे पुष्कळ असतात, हे त्यांतले नव्हेत.) १२ जून १८९७ रोजी आसाम हादरला. शिलाँगची दगडी घरे भुईसपाट झाली, जमिनीत रुतलेले धोंडे वर उसळले. ओल्डहॅम यांनी तो मुलूख पालथा घातला. तथापि खरा उलगडा झाला तो दूर युरोपातील यंत्रांच्या रेघोट्यांवरून. लहरी तीन प्रकारच्या असतात, असे त्यांनी १९०० साली मांडले: ढकलीत जाणारी वेगवान, आडवी हलविणारी संथ आणि भूपृष्ठावरून मागाहून येणारी. पहिलीमागून दुसरी जितकी उशिरा, तितका उगम दूर. काहीशे किलोमीटरांपर्यंत दर सेकंदास साधारण आठ किलोमीटर धरतात. पाऊण मिनिट म्हणजे ४५ सेकंद. वाचकांनी हिशेब करून पाहावा. तीन ठिकाणांहून अशी वर्तुळे नकाशावर काढली, की ती जेथे मिळतात तेथे भूकंपाचे घर. त्याची खोली, खडक कोणत्या बाजूस सरकला, हेही आज अशाच नोंदींवरून काढतात.

प्रकृती साथ देईना म्हणून १९०३ साली ते विलायतेस परतले. पृथ्वीच्या पोटातून जाणाऱ्या लहरी फार दूरच्या ठिकाणी अपेक्षेहून उशिरा पोहोचतात, त्यावरून आत निराळा गाभा असल्याचे त्यांनी १९०६ साली दाखविले. त्यांची कीर्ती मुख्यतः त्यावर.

मला मात्र त्यांचे उतारवयातील काम अधिक भावते. १६ जून १८१९ च्या भूकंपाने कच्छच्या रणात अल्लाबंद नावाचा लांबच लांब उंचवटा उठविला, अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार पाडले. परंतु रेघ ओढणारे यंत्र तेव्हा कोठेच नव्हते. सत्तरीच्या उंबरठ्यावर ओल्डहॅम जुने वृत्तांत घेऊन बसले आणि त्या भूकंपावर त्यांनी मोठा निबंध लिहिला. १५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये ते वारले.

आमचे फडताळ अजून त्याच भिंतीला आहे. रस्त्याने अवजड गाडी गेली, भांडी किणकिणली, की मी नकळत आकडे मोजू लागतो.