तांबड्या शिरांचा शोध

पृथ्वीवरील बहुतेक सर्व खडक एका प्राचीन महासागराच्या पाण्यात साचून तयार झाले, अशी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील अनेक विद्वानांची समजूत होती. जर्मनीतील फ्रायबर्ग येथे खाणविद्या शिकविणारा वेर्नर हा या मताचा मोठा पुरस्कर्ता. ग्रॅनाइट हा त्या महासागरातून सर्वांत प्रथम खाली बसलेला, म्हणून सर्वांत जुना खडक होय, असे तो प्रतिपादन करी. आणि त्याचे शिष्य हेच मत देशोदेशी नेत. या मताला जबरदस्त धक्का दिला तो जेम्स हटन या स्कॉटिश गृहस्थाने. आणि खडकांचा हा नाद त्याच्या मनात रुजला तो शेती करताना.

हटनचा जन्म १७२६ साली एडिंबरो नगरीत एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो तीन वर्षांचा असतानाच त्याचे पितृछत्र हरपले. सतराव्या वर्षी त्याला एका वकिलाच्या कचेरीत उमेदवारीस ठेवण्यात आले. परंतु कागदांच्या नकला करण्याऐवजी इतर उमेदवारांना रसायनांचे प्रयोग करून दाखविण्यातच तो रमून जाई. तेव्हा त्याने दुसरा एखादा व्यवसाय पाहावा, असे वकिलानेच सुचविले. पुढे एडिंबरो, पॅरिस व लेडन येथे वैद्यकाचे अध्ययन करून १७४९ मध्ये त्याने पदवी मिळविली. रोग्याची नाडी मात्र त्याने व्यवसाय म्हणून कधी पाहिली नाही. एका मित्राच्या भागीदारीत काजळीपासून नवसागर बनविण्याचा उद्योग त्याने काढला आणि स्वतः वडिलार्जित जमिनीवर जाऊन राहिला.

तेथे एक गोष्ट त्याच्या मनाला सारखी टोचू लागली. पावसाने शेतातील माती ओहोळात जाते, ओहोळातून नदीत व नदीतून समुद्रात जाते. डोंगर झिजतात, माती होते आणि तीही वाहून जाते. हे असेच अखंड चालत असेल, तर सगळी भूमी केव्हाच सपाट होऊन समुद्रात बुडावयास हवी होती. ती बुडाली नाही, त्या अर्थी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे खडक बनवून त्यांना पुन्हा वर उचलणारी कोणतीतरी शक्ती असली पाहिजे. ती शक्ती म्हणजे पृथ्वीच्या पोटातील उष्णता, असा त्याने तर्क केला. शेती सोडून एडिंबरोस परतल्यावरही हा विचार तो कित्येक वर्षे मनात घोळवीत राहिला.

१७८५ च्या वसंत ऋतूत एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे हा सिद्धान्त मांडण्यात आला. पहिल्या सभेच्या वेळी हटन आजारी असल्याने त्याचा मित्र, प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक, याने निबंध वाचला. विचार मोठा होता. पण ग्रॅनाइटच्या बाबतीत पुरावा तोकडा होता. हटनने तोवर हा खडक त्याच्या मूळ जागी फारच थोड्या ठिकाणी पाहिला होता. ग्रॅनाइट जर सर्वांत जुना असेल, तर इतर खडक त्याच्यावर शांतपणे पसरलेले दिसतील. उलट तो जर खालून वितळलेल्या स्थितीत वर घुसला असेल, तर वरचे जुने खडक फोडून तो त्यांच्या भेगांत शिरलेला आढळला पाहिजे. निवाडा करावयाचा तर दोन्ही खडक जेथे एकमेकांना भिडतात ती जागाच गाठावयास हवी होती. आणि ती जागा विरुद्ध साक्ष देती, तर इतक्या वर्षांचे चिंतन वाया जाते.

त्याच वर्षी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, जॉन क्लार्क या चित्रकलेत निपुण असलेल्या मित्रासह तो उत्तर स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट या निर्जन दरीत गेला. नदीच्या पात्रात पाण्याने धुऊन स्वच्छ झालेला कातळ उघडा पडला होता. त्या काळपट कातळातून तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा इकडेतिकडे धावल्या होत्या, आणि फुटलेल्या काळ्या खडकाचे तुकडे ग्रॅनाइटमध्ये अडकून राहिले होते. आत शिरणारा नंतरचाच असणार! हटनला इतका हर्ष झाला की, याला सोन्याची किंवा चांदीची शीर सापडली असावी, असे बरोबरच्या वाटाड्यांना वाटले. पुढील दोन वर्षांत गॅलोवे प्रांतात व ॲरन बेटावरही त्याला असेच पुरावे मिळाले.

१७८८ मध्ये सिकार पॉइंट येथील समुद्रकड्यावर उभ्या थरांवर तांबड्या वालुकाश्माचे जवळजवळ आडवे थर त्याने मित्रांना नावेतून नेऊन दाखविले. १७९५ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. तो वाचावयास इतका क्लिष्ट की, १७९७ मध्ये हटन निवर्तल्यावर प्लेफेअर या मित्राने १८०२ साली त्याचे विवेचन सोप्या भाषेत लिहिले नसते, तर तो फारच थोड्यांच्या वाचनात आला असता. जेम्स हॉल या दुसऱ्या मित्राने खडक भट्टीत वितळवून दाखविले. पण पृथ्वीचे व्यवहार भट्टीतून समजून घेणे हटनला रुचत नसे, म्हणून ते निष्कर्ष त्याने हटनच्या मृत्यूनंतरच मांडले.

खोल भूगर्भात वितळलेला खडक अत्यंत सावकाश थंड होतो, म्हणूनच ग्रॅनाइटमधील गारगोटी, फेल्स्पार व अभ्रक यांचे कण डोळ्यांना दिसण्याइतके वाढतात, हे आता सर्वमान्य आहे. गंमत अशी की, वेर्नरचे पाणीही अगदीच निरुपयोगी ठरले नाही. महासागराचा तळ जेव्हा खंडाखाली सरकतो, तेव्हा त्याच्याबरोबर पाणीही खोल जाते, आणि पाण्याच्या योगाने खडक कमी उष्णतेत वितळतो. खंडावर खंड आदळून भूकवच जाड झाले, तरी त्याचा खालचा भाग वितळू लागतो.

हटनला खडकांचा क्रम लावता आला. त्यांचे वय मोजण्याचे साधन त्याच्या काळी नव्हते. ते साधन ग्रॅनाइटमध्येच दडलेले निघाले. त्यातील झिर्कॉन या खनिजाच्या बारीक स्फटिकांत थोडे युरेनियम असते, व त्याचे ठरावीक गतीने शिसे होत जाते. त्या मापाने ग्लेन टिल्टचा ग्रॅनाइट सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या भूमींमधला आयपेटस नावाचा महासागर मिटून त्या एकमेकींना भिडल्या, त्याच उलथापालथीच्या अखेरच्या काळातला तो आहे. ॲरन बेटाच्या उत्तर भागातील ग्रॅनाइट मात्र अवघा ६ कोटी वर्षांचा. ग्रीनलंड व युरोप एकमेकांपासून दुरावू लागून उत्तर अटलांटिक उघडत होता, तेव्हा तो वर आला. एक समुद्र मिटतानाचा आणि दुसरा समुद्र उघडतानाचा, असे हे दोन्ही ग्रॅनाइट हटनने दोन वर्षांच्या अंतराने पाहिले होते.