आकाशमार्ग कोणाचा?
बिनतारी संदेशवहनाचे प्रवर्तक गुग्लिएल्मो मार्कोनी ह्यांचे जीवन व कार्य

मोबाइल सुरू केला की काही क्षणांतच त्याच्या पडद्यावर रेंजच्या काड्या उमटतात. तेवढ्या अवकाशात पुष्कळ काही घडून गेलेले असते. फोनने जवळच्या टॉवरला आपली ओळख दिलेली असते. सिमकार्डातील गुप्त किल्लीच्या आधारे ती ओळख पडताळली गेलेली असते. आपण परमुलखात असू तर तेथील परक्या कंपनीने आपल्याला दार उघडायचे की नाही, ह्याचाही निर्णय झालेला असतो. मग आपण बोलू लागताच लहरींचा एक वाटा आपल्यापुरता नेमून दिला जातो. एकाच आकाशातून असंख्य यंत्रे एकाच वेळी बोलत असताना कोणाला वाट द्यायची, परक्याला आत घ्यायचे की नाही आणि कोणाचा शब्द कोणाच्या कानी पडू द्यायचा नाही, हे ठरवणे म्हणजेच बिनतारी जाळ्याचा कारभार होय.

हे तिन्ही प्रश्न आजचे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी फिरते यंत्र म्हणजे समुद्रावरील आगबोट होती आणि टॉवर म्हणजे किनाऱ्यावर उभारलेला उंच खांब होता. तेव्हाच हे प्रश्न एका तरुण इटालियन संशोधकापुढे उभे ठाकले. त्यांपैकी एकाचे उत्तर त्यांनी दिले, एकाचे उत्तर द्यायला ते राजी नव्हते, आणि एकाच्या बाबतीत त्यांचा आत्मविश्वास फाजील ठरला. गुग्लिएल्मो मार्कोनी ह्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ते ह्याच दृष्टीने.

डोंगरापलीकडील बंदुकीचा बार

मार्कोनी ह्यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या ह्या नगरात झाला. वडील जुझेप्पे हे जमीनदार, तर आई ॲनी जेमसन ही आयर्लंडमधील सुप्रसिद्ध मद्यव्यावसायिक घराण्यातील. शाळा-महाविद्यालयाचे रीतसर शिक्षण मार्कोनींच्या वाट्याला फारसे आले नाही व विद्यापीठाची पदवीही त्यांनी घेतली नाही. घरी येणारे शिक्षक आणि बोलोन्या विद्यापीठातील प्राध्यापक आउगुस्तो रिगी ह्यांचे मार्गदर्शन ह्यांवरच त्यांची विद्या उभी राहिली.

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ ह्यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या होत्या. पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठातील प्राध्यापक एदुआर ब्राँली ह्यांनी त्या लहरी टिपू शकणारी धातूच्या कणांची नळी तयार केली होती. आपल्या देशात आचार्य जगदीशचंद्र बसू ह्यांनी कोलकात्यात १८९५ मध्ये ह्या लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक करून दाखवले होते. तेव्हा मार्कोनी हे ह्या क्षेत्रातील एकमेव संशोधक नव्हेत. परंतु ह्या लहरींवरून निरोप धाडता येईल आणि त्यावर माणसांचा व्यवहार चालेल, हा ध्यास त्यांच्याइतका कोणी घेतला नाही. १८९५ साली पोंतेक्यो येथील घराच्या आवारातून पाठवलेला संकेत त्यांनी टेकडीपलीकडे पोहोचवला. तो पोहोचल्याची खूण म्हणून पलीकडून बंदुकीचा बार झाला.

पुढच्याच वर्षी ते आईसमवेत इंग्लंडला गेले. जून १८९६ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, आणि १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश पाठवून दाखवून त्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली. १८९८ च्या अखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील एका दीपनौकेवर त्यांनी यंत्र बसवले. १८९९ मध्ये एक आगबोट त्या दीपनौकेवर आदळली, तेव्हा मदतीची हाक किनाऱ्यावर गेली ती बिनतारी यंत्रानेच. जमिनीवर तारा होत्याच. तार जेथे पोहोचू शकत नाही त्या समुद्रावर ह्या विद्येचे खरे मोल होते.

सूर जुळवण्याची विद्या

पहिली अडचण लवकरच उभी राहिली. त्या काळचे यंत्र ठिणगी पाडून लहरी निर्माण करी, आणि त्या लहरी अनेक तरंगलांबींवर एकदम पसरत. परिणामी एक केंद्र बोलू लागले की आसपासच्या सर्व केंद्रांच्या कानी तेच पडे. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच काही कळत नसे. बाजारात सगळे एकाच वेळी ओरडू लागले म्हणजे जे होते, तेच आकाशात होऊ लागले.

ह्यावरचा उपाय आपल्याकडील संगीतप्रेमींना सहज उमगेल. दोन तंबोरे एका सुरात लावलेले असले, तर एकाची तार छेडताच दुसऱ्याची तीच तार आपोआप थरथरते. इतर तारा स्तब्ध राहतात. मार्कोनींनी पाठवणारे व घेणारे यंत्र तारेचे वेटोळे आणि विद्युतसंचय करणारी बरणी ह्यांच्या साहाय्याने असेच एका सुरात लावले. २६ एप्रिल १९०० ह्या तारखेचे त्यांचे ७७७७ क्रमांकाचे ब्रिटिश पेटंट ह्याच युक्तीचे आहे. आता एकाच परिसरात अनेक केंद्रे आपापल्या तरंगलांबीवर बोलू शकणार होती. आजचा मोबाइल टॉवर याहून कितीतरी सूक्ष्म वाटण्या करतो, परंतु प्रत्येकाला स्वतःची वाट देण्याचे तत्त्व तेच आहे. ह्या श्रेयाचे अन्य वाटेकरीही होते. ऑलिव्हर लॉज ह्यांचे ह्याच स्वरूपाचे पेटंट १८९७ चे होते व ते मार्कोनी कंपनीने पुढे विकत घेतले. मार्कोनींच्या मृत्यूनंतर १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेथील त्यांच्या ह्या विषयावरील पेटंटमधील महत्त्वाचे दावे अमान्य केले.

१२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे पतंगाला बांधलेल्या तारेने त्यांनी अटलांटिकपलीकडील कॉर्नवॉलहून आलेला संकेत ऐकल्याचे जाहीर केले. तो खरोखर ऐकू आला होता का, ह्याविषयी काही अभ्यासकांना शंका आहे. मात्र पुढील काही वर्षांत महासागरापार संदेशांची नियमित ये-जा सुरू झाली ह्यात संशय नाही. १९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राउन ह्यांच्यासमवेत विभागून मिळाले.

कुलूप नसलेले दार

आपापल्या सुरात लावलेले यंत्र परक्याला ऐकता येणार नाही व त्यात ढवळाढवळही करता येणार नाही, असा विश्वास मार्कोनींची कंपनी देत असे. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे सहकारी प्राध्यापक फ्लेमिंग ह्यांचे व्याख्यान होते. कॉर्नवॉलहून मार्कोनींचा संदेश सभागृहात उतरवून घेण्याचे ठरले होते. परंतु तो येण्यापूर्वीच यंत्र वेगळेच काही टिपू लागले: मार्कोनींची टर उडवणाऱ्या ओळी! नेव्हिल मॅस्कलिन नावाच्या जादूगाराने, जे बिनतारी विद्येचेही जाणकार होते, जवळूनच हा उद्योग केला होता. पुढे त्यांनी तो उघडपणे कबूलही केला. सूर जुळवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, हे त्यांना जगाला दाखवायचे होते.

हा धडा आपल्या घरातील वाय-फायलाही लागू पडतो. लहर भिंतीपाशी थांबत नाही. ती शेजाऱ्याच्या अंगणात व रस्त्यावरही जाते. तिला अडवता येत नाही म्हणूनच तिच्यावरून जाणारा मजकूर सांकेतिक करावा लागतो आणि आत येणाऱ्याकडे पासवर्ड मागावा लागतो.

परक्या गलबताला उत्तर नाही

मार्कोनी कंपनी जहाजांना यंत्रे विकत नसे. ती यंत्रे भाड्याने देई आणि ती चालवणारा तारबाबूही स्वतःचाच पाठवी. दुसऱ्या कंपनीचे यंत्र असलेल्या जहाजाशी सामान्यतः बोलायचे नाही, असा तिचा दंडक होता. पैसा व कष्ट आपण ओतले, खांब आपण उभारले, मग प्रतिस्पर्ध्यांनी त्यावर फुकट का बोलावे, असा त्यामागचा युक्तिवाद. व्यापाराच्या दृष्टीने तो समजण्याजोगा असला, तरी त्याचा अर्थ असा होता की जहाजाला उत्तर मिळायचे की नाही, हे त्याने कोणाशी करार केला आहे ह्यावर ठरणार.

१९०२ मध्ये जर्मन सम्राटांचे बंधू राजपुत्र हाइनरिख अमेरिकेहून परतत असताना त्यांच्या जहाजाला मार्कोनी केंद्रांनी प्रतिसाद दिला नाही, कारण जहाजावरील यंत्र जर्मन बनावटीचे होते. त्यावरून मोठा गहजब झाला. १९०३ साली बर्लिनमध्ये राष्ट्रांची परिषद भरली व १९०६ च्या बर्लिन करारात किनाऱ्यावरील केंद्रांनी यंत्र कोणत्याही बनावटीचे असो, जहाजांशी संदेशांची देवघेव केलीच पाहिजे, असा नियम झाला. संकटाची खूण म्हणून एसओएस हा संकेतही त्याच कराराने मान्य केला. मार्कोनी कंपनीचा ह्या सक्तीला विरोध होता. आज परदेशी गेल्यावर आपला फोन परक्या जाळ्यावर चालतो त्यास आपण रोमिंग म्हणतो. परक्याचा संदेश स्वीकारण्याच्या त्या तत्त्वासाठी तेव्हा राष्ट्रांना एकत्र बसावे लागले होते.

१४ एप्रिल १९१२ ची रात्र

टायटॅनिक जहाजावर मार्कोनी कंपनीचे दोन तरुण तारबाबू होते, जॅक फिलिप्स व हॅरॉल्ड ब्राइड. त्या रात्री प्रवाशांच्या खाजगी तारांचा ढीग साचला होता आणि फिलिप्स त्या केप रेसच्या केंद्राकडे पाठवण्यात गढले होते. फार दूर नसलेल्या कॅलिफोर्नियन ह्या जहाजाने आपण बर्फात अडकून थांबल्याची सूचना मध्येच दिली, तेव्हा कामात व्यत्यय येतो म्हणून त्यांनी त्या जहाजाच्या तारबाबूला गप्प राहण्यास सांगितले. तो एकटाच होता. दिवसभराच्या कामाने थकून त्याने यंत्र बंद केले व तो झोपी गेला. त्यानंतर थोड्याच वेळात टायटॅनिक हिमनगावर आदळले. फिलिप्स शेवटपर्यंत हाक देत राहिले, पण सर्वांत जवळ ऐकू शकणारा कान मिटलेला होता. दूर अंतरावरून कार्पेथिया धावून आली आणि तिने सातशेच्या आसपास जीव वाचवले. दीड हजारांहून अधिक माणसे बुडाली. फिलिप्स त्यांच्यातच होते.

मार्कोनी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. त्यांच्या विद्येमुळे जे वाचले त्यांनी त्यांना धन्यवाद दिले, आणि चौकशीत त्यांना साक्षही द्यावी लागली. यंत्र निर्दोष चालले होते. उणीव होती ती कारभाराची. कोणता संदेश आधी, कोणता मागून, आणि रात्री कोणी जागे राहायचे, ह्याचे बंधन कोणावरच नव्हते. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेने जहाजांनी परस्परांशीही, यंत्राचा भेद न करता, बोलावे असे बंधन घातले. मोठ्या जहाजांवर अहोरात्र जागता पहारा ठेवण्याचे नियमही ह्या दुर्घटनेतूनच आले.

अखेरची वर्षे

पुढे मार्कोनींनी आखूड लहरींकडे लक्ष वळवले. त्यांच्या कंपनीने विकसित केलेली झोतपद्धती, म्हणजे लहर सर्वत्र न पसरवता एकाच दिशेने धाडणे, १९२७ मध्ये आपल्या महाराष्ट्रातही आली. पुण्याजवळ खडकी येथे प्रक्षेपण व दौंड येथे ग्रहण अशा रीतीने इंग्लंडशी थेट संदेशवहन सुरू झाले.

त्यांचे कौटुंबिक व राजकीय जीवन मात्र सरळ रेषेतील नव्हते. बिॲट्रिस ओब्रायन ह्यांच्याशी १९०५ मध्ये झालेला विवाह टिकला नाही. १९२७ मध्ये चर्चच्या न्यायासनाने तो मुळातच अवैध ठरवल्यानंतर त्यांनी मारिया क्रिस्तिना बेझ्झी-स्काली ह्यांच्याशी विवाह केला. १९२३ मध्ये ते फॅसिस्ट पक्षाचे सदस्य झाले व १९३० मध्ये मुसोलिनींनी त्यांना इटलीच्या शाही अकादमीचे अध्यक्षपद दिले. आकाश सर्वांसाठी खुले करणाऱ्या माणसाने इतरांचे तोंड बंद करणाऱ्या सत्तेला आपले नाव द्यावे, ही गोष्ट आम्हाला खटकते व ती झाकून ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही.

ह्याच काळात त्यांनी पोप अकरावे पायस ह्यांच्यासाठी व्हॅटिकन रेडिओची उभारणी केली. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. मार्कोनींच्या प्रास्ताविकानंतर पोप महोदयांनी लॅटिन भाषेत केलेले भाषण देशोदेशी ऐकू गेले. १९३३ मध्ये व्हॅटिकन व कास्तेल गांदोल्फो येथील निवासस्थान ह्यांच्या दरम्यान त्यांनी सुमारे अर्धा मीटर लांबीच्या लहरींवर चालणारा दूरध्वनी बसवला. आजचे मोबाइल फोन ज्या लहरींवर चालतात, त्यांच्याच कुळातील ही लहर. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जगातील अनेक केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवून मौन पाळले.

रिकामी न ठेवता राखलेली वाट

आज समुद्रावरील नौकांच्या बिनतारी संचात सोळा क्रमांकाचा चॅनेल संकटाच्या हाकेसाठी राखलेला असतो. तेथे गप्पा मारायच्या नसतात, पण कान मात्र ठेवायचा असतो. दर्यावर पोट असलेल्या आपल्या कोळी बांधवांना ह्या शिस्तीचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि मोबाइलमध्येही एक लहानशी सोय आहे, जिच्याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. आपल्या कंपनीची रेंज नसेल तेव्हा पडद्यावर फक्त आणीबाणीचे कॉल करता येतील अशी सूचना दिसते. तिचा अर्थ असा की जवळ दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा टॉवर असेल तर ११२ हा क्रमांक लावताच तो आपला कॉल घेईल, मग आपण त्याचे ग्राहक असू वा नसू. पैसे भरणाऱ्यालाच आत घेणारे हे जाळे संकटातील परक्याला मात्र ओळख न विचारता वाट देते. मार्कोनींच्या कंपनीने परक्याशी जे बोलणे नाकारले, ते मानवजातीने नियम करून मिळवले. त्यासाठी समुद्राने फार मोठी किंमत घेतली आहे. म्हणून गंमत म्हणून किंवा कंटाळा घालवण्यासाठी ११२ लावू नये, आणि आपल्या घरातील मुलांना व वृद्धांना तो क्रमांक पाठ असेल ह्याची काळजी घ्यावी, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती.