हाती घड्याळ घेतलेला धावपटू

शाळेत वेग, वेळ आणि अंतराची गणितं सोडवताना मला नेहमी प्रश्न पडे, की हे ‘अ’ आणि ‘ब’ सगळं अंतर एकाच वेगानं कसे धावतात? दमत कसे नाहीत? पुढे पावो नुर्मीविषयी वाचलं आणि तो ‘अ’ मला सापडला!

नुर्मी फिनलंडमधल्या तुर्कू गावचा, जन्म १८९७ चा. वडील सुतार. ते १९१० मध्ये गेले. शाळा सोडून पावो एका बेकरीत पोऱ्या म्हणून लागला. मालाची हातगाडी चढावर ढकलायची, हे काम. आपल्या पायांतलं बळ त्यातूनच आलं, असं तो मानी.

पुढे तो स्टॉपवॉच हातात धरून धावू लागला. प्रतिस्पर्धी काय करतो हे बघायचंच नाही. प्रत्येक फेरी ठरल्या वेळात पुरी करायची. लोकांना तो गर्विष्ठ वाटे. मला वाटतं, तो मनातल्या मनात आकडेमोड करत असावा!

१० जुलै १९२४, पॅरिस. १५०० आणि ५००० मीटरच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, मध्ये तासाभराचीही उसंत नाही. मैदानाची फेरी ५०० मीटरची. पहिल्या शर्यतीच्या तीन फेऱ्या त्यानं ३ मिनिटं ५३.६ सेकंदांत संपवल्या, म्हणजे फेरीला सुमारे ७८ सेकंद. दुसरीच्या दहा फेऱ्यांना १४ मिनिटं ३१.२ सेकंद, फेरीला ८७. दोन्ही सुवर्णपदकं त्याचीच. दुसऱ्या शर्यतीत त्याचाच देशबांधव रिटोला ०.२ सेकंदानं मागे राहिला. अंतर किती, हे मी लेकीला काढायला सांगितलं. सेकंदाला ५.७४ मीटर, गुणिले ०.२. उत्तर आलं जेमतेम सव्वा मीटरही नाही. तिनं फरशीवर टेपनं मोजून पाहिलं आणि गप्पच झाली.

ऑलिंपिकची नऊ सुवर्णपदकं मिळवलेल्या या माणसाला १९३२ मध्ये मात्र लॉस एंजेलिसला धावू दिलं नाही. प्रवासखर्चापोटी जास्त पैसे घेतले, म्हणून तो हौशी खेळाडू उरत नाही, असा ठपका आला. मॅरेथॉन जिंकायची त्याची इच्छा राहूनच गेली. पोटासाठी गाडी ढकललेल्या पोराला हा नियम लावणाऱ्यांना काय म्हणावं?

१९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला ५५ वर्षांचा नुर्मी मशाल घेऊन मैदानात धावत आला. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं.