माहितीची ये-जा आणि कोसंबींचे गणित

पनवेलजवळ २०२० मध्ये योट्टाचे डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत वीज फक्त आकडेमोडीवर खर्च होत नाही. दोन आकड्यांची बेरीज करण्यापेक्षा ते आकडे मेमरीतून प्रोसेसरपर्यंत आणायलाच शेकडो पट ऊर्जा लागू शकते. हा प्रवास कमी करण्याची एक गणिती वाट दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४३ मध्येच दाखवली होती. होय, इतिहासकार म्हणून आपल्याला ठाऊक असलेले तेच कोसंबी!

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातला. वडील धर्मानंद बौद्ध वाङ्मयाचे पंडित. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन दामोदर परतले आणि बनारस, अलिगढ करीत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. तिथे असतानाच त्यांचा तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हृदयाच्या आलेखाचे उदाहरण घ्या. त्यात नोंदी शेकडो, पण बहुतेक एकमेकींशी बांधलेल्या. कोसंबींच्या पद्धतीने मोजके मूळ आकार वेगळे काढता येतात. मग सगळा आलेख न पाठवता, कोणता आकार किती प्रमाणात आहे एवढेच पाठवले तरी भागते. कारूनेन आणि लोएव्ह हे दोघे काही वर्षांनी स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. बऱ्याच पाठ्यपुस्तकांत नावे मात्र त्या दोघांचीच असतात, हे खटकते.

पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत गणकयंत्रांचा अभ्यास केला. त्या सुमारास प्रिन्स्टनला फॉन नॉयमन यांचे यंत्र उभे राहत होते. त्यात मेमरी एकीकडे, गणित दुसरीकडे आणि मध्ये एकच रस्ता. आजची कोंडी त्याच रचनेतली. कोसंबींचे स्वतःचेही तसेच होते म्हणा: घर पुण्यात, काम मुंबईत आणि मध्ये रोजची डेक्कन क्वीन.

१९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारखान्याबाहेर पडल्यावरही आतली जोडणी बदलता येते, अशी एफपीजीए चिप बाजारात आली ती १९८५ मध्ये. आता ती मेमरीला खेटून बसवता येते, आलेखांची काटछाट तिथेच होते आणि पुढे मोजकेच आकडे जातात.