धोंडो केशव कर्वे : एका विद्यार्थ्याची वाटचाल

अध्ययनाची प्रेरणा केवळ बुद्धीतून येत नाही. शाळा व शिक्षक यांची जी प्रतिमा विद्यार्थ्याच्या मनात असते, तिच्याशीही या प्रेरणेचे नाते असते. महर्षी कर्वे (१८५८–१९६२) यांचे विद्यार्थिजीवन आपण या दृष्टीने पाहावे.

कोकणातील मुरुड गावी त्यांना सोमण गुरुजी लाभले. देवळात जमलेल्या ग्रामस्थांना वृत्तपत्र वाचून दाखविण्याचे काम गुरुजींनी या लाजाळू मुलाकडे सोपविले. आपले शिकणे गावाच्या उपयोगी पडते, हा अनुभव त्यांना असा लवकरच आला.

१८७५ साली सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते साताऱ्यास गेले. शंभरावर मैलांची वाट, तीही घाटाची, त्यांनी चार दिवसांत पायी तुडविली. तेथील अधिकाऱ्याने मात्र, वयाने लहान दिसतोस म्हणून, परीक्षेस बसू दिले नाही. वस्तुतः सतरा वर्षे पूर्ण झाली होती! शिक्षणावरचा विश्वासच उडावा, असा हा प्रसंग. पण पुढल्याच वर्षी कोल्हापुरास त्यांनी ती परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. याचे श्रेय नुसत्या चिकाटीला देणे मला अपुरे वाटते. त्यांच्या लेखी शिक्षणाचा चेहरा सोमण गुरुजींचा होता, त्या अधिकाऱ्याचा नव्हता.

मॅट्रिक झाले तेव्हा, १८८१ साली, ते तेवीस वर्षांचे होते. खंडित शिक्षण उशिरा हाती घेतलेल्या आपणांपैकी अनेकांनी हे वय ध्यानात घ्यावे. पुढे १८८४ मध्ये ते पदवीधर झाले आणि १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्यापूर्वीच त्यांनी गावाच्या कामांसाठी मुरुड फंड उभा केला होता.