वतनाची गाठ सोडविणारा राजा

कागलच्या जहागीरदार घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या यशवंतरावांना १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेण्यात आले आणि ते शाहू छत्रपती झाले. राजकोट व धारवाड येथील शिक्षणानंतर २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी कारभाराची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या समाजसुधारणेचा गौरव पुष्कळ झाला. गावाच्या दप्तराकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मात्र काहीशी उपेक्षित राहिली. संगणकाच्या युगात तिचे मोल अधिक जाणवते.

त्या काळी गावाचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे. जमीन, सारा व बाकी यांच्या नोंदी ठेवणे हे त्याचे वंशपरंपरागत वतन होते. लेखनाचे काम, ते करणारे घराणे, त्या घराण्याची जात आणि मोबदल्याचे उत्पन्न या चार भिन्न गोष्टी जणू एकाच नोंदीत गुंफल्या गेल्या होत्या. महार वतनाचीही तीच तऱ्हा होती. तेथे जमिनीचा लहानसा तुकडा आणि त्यापोटी साऱ्या कुटुंबाची अहोरात्र राबणूक यांची गाठ पडली होती.

अशा गुंफणीत तीन दोष असतात. एक गोष्ट बदलू गेल्यास इतरही हलवाव्या लागतात. नालायक लेखनिक दूर करावा, तर घराण्याच्या उत्पन्नाचा प्रश्न उभा राहतो. नवी गोष्ट सामावून घेता येत नाही. वतनदार घराण्याबाहेर जन्मलेल्या हुशार तरुणाला दप्तरात स्थानच नसते. आणि एक गोष्ट काढली की दुसरीही जाते. गावकीचे काम नाकारणाऱ्याच्या जमिनीवरच गदा येते.

१९१८ साली महाराजांनी ही गाठ सोडविली. कुलकर्णी वतने बरखास्त करून त्यांनी पगारी तलाठी नेमले व त्या जागा सर्व जातींना खुल्या केल्या. महार वतने रद्द करून जमिनीची सेवेपासून सुटका केली. बलुतेदारीचे बंधन दूर करून व्यवसायाची जन्माशी असलेली सांगड तोडली. पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न जाणार म्हणून कुलकर्णी वर्गातून तीव्र विरोध झाला, तरी महाराज मागे हटले नाहीत. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० साली आणि कनिष्ठ ग्रामवतनांचा १९५८ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्णयाचे धाडस कळते.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत निवर्तले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडगर कॉड जन्मले. संगणकातील माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची उपपत्ती त्यांनी १९७० साली प्रसिद्ध केली आणि तिच्यातून नॉर्मलायझेशनचे शास्त्र उभे राहिले. प्रत्येक गोष्टीचा तक्ता वेगळा असावा, प्रत्येक तथ्य एकाच ठिकाणी नोंदले जावे आणि तक्त्यांतील नाते खुणेच्या क्रमांकाने जोडावे, हे त्याचे सार होय. बदल करताना, भर घालताना आणि नोंद काढताना उद्भवणारे जे दोष हे शास्त्र दूर करते, तेच तीन दोष वतनात होते. महाराजांचा हेतू अर्थातच दप्तराच्या नीटनेटकेपणाचा नव्हता, न्यायाचा होता.

या शास्त्राची आणखी एक अट आहे. तक्ते विभागताना माहिती गमावता कामा नये. ते पुन्हा जोडले असता मूळ चित्र जसेच्या तसे उभे राहिले पाहिजे. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्यासाठी उमेदवाराच्या जातीची नोंद लागतच होती. जात आणि काम यांची गाठ तोडणाऱ्या राजाने जातीची नोंद पुसली नाही. अन्याय मोजण्यासाठी आणि तो दूर करण्यासाठी ती जपली.

आज सातबारा संगणकावर आला आहे. तरीही एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यात एक, शिधापत्रिकेत दुसरे आणि सातबाऱ्यावर तिसरे आढळते आणि ती तफावत मिटविण्यासाठी हेलपाटे त्यालाच घालावे लागतात. कोणती गोष्ट कोणाशी बांधावी आणि कोणती मोकळी ठेवावी, हा निर्णय कागदावरचा वाटला तरी त्याचे ओझे माणसांच्या खांद्यावर पडते. कागलच्या या सुपुत्राने ते ओळखले होते. तक्ते आखणाऱ्या प्रत्येकाने ते ओळखले पाहिजे.