मेकॉलेचे गाळलेले कलम

अपघाताच्या बातमीचे शेवटचे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना अनेक वर्षे जणू पाठ होते. भरधाव वाहनाची धडक, पादचाऱ्याचा जागीच मृत्यू आणि चालकाविरुद्ध भारतीय दंडविधानाच्या कलम २७९ व ३०४ (अ) अन्वये गुन्हा दाखल. पोलीस ठाण्यातून बातमी घेणाऱ्या वार्ताहराला हे आकडे विचारावेही लागत नसत. ३० जून २०२४ च्या मध्यरात्री हे दंडविधान इतिहासजमा झाले. त्याचा मूळ मसुदा करणारा थॉमस बॅबिंग्टन मेकॉले आपल्याकडे ओळखला जातो तो मात्र इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता, अनेकांच्या लेखी खलनायक म्हणूनच.

बेदरकारपणाची शिक्षा ठरविणाऱ्या या गृहस्थाला स्वतःला घोडागाडी हाकता येत नव्हती. पोहणे, नाव वल्हविणे, बंदूक चालविणे यांपैकी काहीही त्याला जमत नसे आणि घोड्यावर तो क्वचितच बसे. मंत्री असताना विंडसरच्या राजवाड्यात त्याच्यासाठी घोडा सज्ज असल्याचे सांगण्यात आले, तेव्हा राणीला आपली स्वारी पाहावयाचीच असेल तर हत्ती मागवावा लागेल, अशा आशयाचे उत्तर त्याने दिल्याची आठवण त्याचा भाचा आणि चरित्रकार जॉर्ज ओटो ट्रेव्हेलियन याने नोंदविली आहे. मेकॉले होता पायी चालणारा. लंडनच्या गजबजलेल्या रस्त्यांतून हातातले पुस्तक वाचत तो झपाझप जाई. गाड्यांच्या त्या गर्दीत त्याला कधी धक्का लागला नाही, हे त्याचे नशीबच म्हणावयाचे.

२५ ऑक्टोबर १८०० रोजी लेस्टरशायरमधील रॉदली टेम्पल येथे त्याचा जन्म झाला. वडील झॅकरी मेकॉले हे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतील आघाडीचे कार्यकर्ते. कडक शिस्तीच्या, धार्मिक घरातील हा थोरला मुलगा केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिकला. १८२५ मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’त मिल्टनवर लिहिलेल्या निबंधाने तो एकदम प्रसिद्धीस आला. पुढच्याच वर्षी वकिलीची सनद मिळाली. पण वकिली अशी त्याने फारशी केलीच नाही. १८३० मध्ये तो पार्लमेंटमध्ये गेला आणि मतदानविषयक सुधारणांच्या विधेयकावरील भाषणांनी सभागृहात त्याचा दबदबा निर्माण झाला.

घरची स्थिती मात्र बिकट होती. वडिलांचा व्यापार बुडाला होता आणि भावंडांचा भार थोरल्यावर आला होता. १८३३ च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात विधी सदस्याचे नवे पद निर्माण केले. वार्षिक वेतन दहा हजार पौंड. मेकॉलेने ते स्वीकारले त्यामागे ध्येयवादापेक्षा पैशाची निकड अधिक होती आणि त्याने ती लपविलीही नाही. काही वर्षे हिंदुस्थानात काढून आयुष्यभर पुरेल एवढी शिल्लक टाकावयाची, म्हणजे स्वदेशी राजकारणात कोणाचे मिंधे राहावे लागणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

१० जून १८३४ रोजी तो मद्रासला उतरला. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक तेव्हा निलगिरीत होते. मेकॉले त्यांच्या भेटीला निघाला तो पालखीतून, भोयांच्या खांद्यावरून. उटीपर्यंतचा सुमारे चारशे मैलांचा प्रवास त्याने असा केला. या देशात तेव्हा आगगाडी नव्हती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावावयास १८५३ साल उजाडले. मोटार तर जगातच कोठे नव्हती. रस्त्यावर बैलगाड्या, घोडे, बग्ग्या आणि पायी चालणारी माणसे. पुढे शतकभर मोटारींच्या अपघातांना लावले गेलेले कायद्याचे शब्द अशा संथ रस्त्यांच्या काळात लिहिले गेले.

कलकत्त्यात पोहोचल्यावर काही महिन्यांतच त्याची लाडकी बहीण हॅना हिचा विवाह चार्ल्स ट्रेव्हेलियन या अधिकाऱ्याशी झाला. त्यापाठोपाठ दुसरी बहीण मार्गारेट इंग्लंडमध्ये निवर्तल्याची बातमी आली. अविवाहित मेकॉलेचे सारे भावविश्व या दोन बहिणींभोवती होते. त्या दुःखात पहाटे उठून ग्रीक व लॅटिन ग्रंथ वाचणे हाच त्याचा आधार ठरला. याच सुमारास, २ फेब्रुवारी १८३५ रोजी, त्याने शिक्षणविषयक टिपण लिहिले. त्या दिवशी त्याने ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भाषण केल्याचे सांगत एक उतारा गेली अनेक वर्षे फिरतो आहे. तो दिवस त्याने कलकत्त्यात काढला होता, एवढे सांगितले तरी त्या उताऱ्याचे खरेखोटे कळावे. मूळ टिपणात पौर्वात्य वाङ्मयाविषयी जे तुच्छतेचे लिहिले आहे ते पुरेसे आक्षेपार्ह आहे. त्यात बनावट भर घालण्याची गरज नाही.

त्याचे खरे मोठे काम मात्र वेगळेच होते. देशातील फौजदारी कायद्यात त्यावेळी मेळ नव्हता. बंगाल व मद्रास इलाख्यांत वेळोवेळी बदललेला इस्लामी फौजदारी कायदा चाले. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत झालेले १८२७ चे नियम लागू होते. इलाखा बदलला की गुन्ह्याची व्याख्याही बदले आणि शिक्षाही. हे सारे बाजूला सारून एकच संहिता रचण्यासाठी नेमलेल्या विधी आयोगाचा मेकॉले अध्यक्ष होता. मॅक्लाउड, मुंबईचे अँडरसन आणि कॅमेरॉन हे त्याचे सहकारी. कलकत्त्याच्या हवेने सहकारी आजारी पडू लागले आणि मसुद्याचा बराचसा भार एकट्या मेकॉलेवर आला. १८३७ मध्ये ४८८ कलमांचा मसुदा सरकारला सादर झाला.

माणूस मेला एवढ्यावरून गुन्ह्याची प्रत ठरवावयाची नाही, तर करणाऱ्याच्या मनात काय होते ते पाहावयाचे, हे या मसुद्यातील विचाराचे सूत्र आहे. मारण्याचा हेतू होता काय? हेतू नसला तरी आपल्या कृत्याने कोणी मरण्याचा संभव आहे याची जाणीव होती काय? की दोन्ही नव्हते आणि केवळ दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नव्हती? या तिसऱ्या पायरीसाठी मसुद्यात कलम ३०४ होते. मानवी जिवाविषयी योग्य ती काळजी नसल्याचे दिसून येईल इतक्या अविचाराने किंवा हयगयीने कोणाचा मृत्यू घडवून आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. चोरी करताना निव्वळ अपघाताने कोणी मेले म्हणून चोराला खुनी ठरवू नये, असेही मसुद्याच्या टिपांत मांडले आहे. शिक्षा करावयाची ती माणसाच्या दोषासाठी, त्याच्या दुर्दैवासाठी नव्हे.

कलकत्त्यातील इंग्रज समाजाला हा विधी सदस्य मुळीच आवडत नसे. मुलकी दाव्यांत युरोपियनांना थेट सुप्रीम कोर्टाकडे अपील करण्याची जी खास सवलत होती, ती १८३६ च्या कायद्याने काढून घेतली गेली आणि तेथील इंग्रजी वृत्तपत्रांनी मेकॉलेवर शिव्याशापांचा भडिमार केला. हिंदी जनतेला जो न्याय पुरेसा आहे तो इंग्रजालाही पुरेसा असला पाहिजे, यावर तो ठाम राहिला. शिक्षणाच्या टिपणात दिसणारा अहंकार आणि येथील समतेचा आग्रह एकाच माणसात कसे नांदत होते, हे कोडे त्याच्या चरित्रकारांना आजही सुटलेले नाही.

जानेवारी १८३८ मध्ये त्याने कलकत्ता सोडले. मसुदा सरकारच्या दप्तरात पडून राहिला. न्यायाधीशांची मते मागविली गेली, अहवालांवर अहवाल झाले आणि पुढे बेथ्यून व बार्न्स पीकॉक यांनी त्यावर हात फिरविला. इकडे मेकॉले मंत्री झाला, १८४७ मध्ये एडिंबरोत निवडणूक हरला, पाच वर्षांनी तेथूनच पुन्हा निवडून आला. १८४८ मध्ये त्याच्या इंग्लंडच्या इतिहासाचे पहिले दोन खंड निघाले आणि त्याचे नाव घरोघर पोहोचले. पुढच्या खंडांसाठी १८५६ मध्ये प्रकाशकाने वीस हजार पौंडांचा धनादेश दिला. १८५२ पासून हृदयविकाराने त्याला ग्रासले होते. १८५७ मध्ये उमरावपद मिळाले. २८ डिसेंबर १८५९ रोजी केन्सिंग्टनच्या होली लॉजमध्ये ग्रंथांच्या सहवासात त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, ६ ऑक्टोबर १८६० रोजी, दंडविधान संमत झाले. १ जानेवारी १८६२ पासून ते अमलात आले. सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकणाऱ्यास किंवा घोडदौड करणाऱ्यास कलम २७९ ने सहा महिन्यांपर्यंत कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला. अविचाराने दुखापत करणाऱ्यासाठी कलमे ३३७ व ३३८ होती. हयगयीने मृत्यू घडविण्याचे मेकॉलेचे कलम मात्र गाळले गेले होते! बेदरकार गाडीवानाने कोणाचा पाय मोडला तर त्यासाठी कलम, जीव घेतला तर त्यासाठी स्वतंत्र कलम नाही, अशी विपरीत स्थिती आठ वर्षे टिकली.

ही उणीव दूर झाली ती १८७० च्या सत्ताविसाव्या कायद्याने. मूळ ३०४ हा क्रमांक सदोष मनुष्यवधाच्या शिक्षेला गेलेला असल्याने परतलेल्या कलमाला ३०४ (अ) म्हटले गेले. योगायोग असा, की याच कायद्याने मेकॉलेच्या मसुद्यातील आणखी एक गाळलेले कलम परत आणले. ते १२४ (अ), म्हणजे राजद्रोह. लोकमान्य टिळकांना १८९७ व १९०८ मध्ये याच कलमाखाली शिक्षा झाली. एकाच कायद्यातून आलेल्या या दोन भावंडांपैकी एकाची इतिहासात नोंद झाली. दुसरे रोज पोलीस ठाण्यांत लिहिले जात राहिले.

मोटार आली, वेग वाढला, तरी दोन वर्षांची कमाल मर्यादा बदलली नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे मद्यधुंद तरुणाच्या मोटारीने रस्त्याकडेला झोपलेल्या सात मजुरांचा बळी घेतला. सत्र न्यायालयाने त्याला ३०४ (अ) खाली दोषी धरून अवघी सहा महिन्यांची कैद दिली आणि शहर हादरले. त्याच वर्षी, २००७ मध्ये, उच्च न्यायालयाने कलम ३०४ चा दुसरा भाग लावून तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. दारू पिऊन मोटार हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असते, म्हणून ही केवळ हयगय नव्हे, हा त्या निर्णयाचा गाभा. मेकॉलेच्या दुसऱ्या व तिसऱ्या पायरीतील अंतर पावणेदोनशे वर्षांनी वांद्र्याच्या रस्त्यावर मोजले गेले. २०१५ मध्ये पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३०४ (अ) च्या शिक्षेचा फेरविचार करण्याची गरज कायदेमंडळाच्या नजरेस आणून दिली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीने मृत्यू घडविण्याची कमाल शिक्षा कलम १०६ ने पाच वर्षांवर नेली. अपघातानंतर पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे पोटकलम मात्र, जानेवारीतील वाहनचालकांच्या देशव्यापी आंदोलनानंतर, संहिता लागू करताना बाजूला ठेवण्यात आले. संमत होऊनही अमलात न आलेले हे पोटकलम पाहून मेकॉलेच्या मसुद्याची आठवण व्हावी. कलम २७९ ची जागा आता २८१ ने घेतली आहे. त्यातील कैद सहा महिन्यांचीच आहे, आणि दंडाची कमाल रक्कम, १८६० साली होती तीच, एक हजार रुपये.